गोवा, केरळ, पोर्तुगाल: आरोग्याचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी

"गोवेकर देशात सगळ्यात जास्त जगतात." "मधुमेहात गोवा पहिला." "आमचा अर्भक मृत्यूदर अमेरिकेच्या तोडीचा." अशी वाक्यं भाषणांत, अग्रलेखांत आणि व्हॉट्सअॅपवर आलटून पालटून फिरत असतात. यातलं काही बरोबर असतं, काही अर्धवट बरोबर, तर एखाद्याला मुळात आधारच नसतो. कुठलं वाक्य कुठल्या खान्यात टाकायचं हे ठरवायला डॉक्टर किंवा संख्याशास्त्रज्ञ असावं लागत नाही. काही गोष्टी ओळीने विचारायची सवय लागली की पुरे. तालुक्याचा नवा वार्ताहर, प्रकल्पासाठी विषय शोधणारे विद्यार्थी, ग्रामसभेत आरोग्यावर बोलणारे कार्यकर्ते यांच्यासाठी हे लिहितो आहे.

सुरुवातीलाच सांगतो: क्रमांकाच्या मागे लागू नका. आपण कितवे, या प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी त्याचं पुढे काही करता येत नाही. फरक कुठल्या वयात पडतो आणि कुठल्या आजाराने पडतो, हे कळलं तर करता येतं.

पहिली पायरी: आयुर्मान म्हणजे काय नव्हे

"भारताचं आयुर्मान ७० वर्षं" हे वाचून साठीचे काका "म्हणजे माझी दहाच उरली" असं म्हणतात. तसं नाही. जन्माच्या वेळचं आयुर्मान काढताना एका ठरावीक वर्षातले प्रत्येक वयाचे मृत्यूदर घेतात आणि एक लाख काल्पनिक बाळांना त्या दरांतून शेवटपर्यंत पार करतात. त्यांना सरासरी किती वर्षं मिळाली, तो आकडा म्हणजे आयुर्मान. उद्या मृत्यूदर सुधारले तर आजची खरी बाळं त्याहून जास्त जगतील. हे भविष्य नाही, त्या वर्षाचा फोटो आहे.

शिवाय या सरासरीत लहानपणीचे मृत्यू फार वजनदार असतात. शंभरातली दहा बाळं जन्मताच गेली आणि उरलेली नव्वद पंचाहत्तरीपर्यंत जगली, तर सरासरी ६७.५ येते. प्रत्यक्षात ६७ व्या वर्षी एकही माणूस गेलेला नाही. म्हणून जन्माच्या आयुर्मानाबरोबर साठाव्या वर्षीचं आयुर्मानही बघावं. भारतात साठी गाठलेल्या माणसाला सरासरी आणखी अठराएक वर्षं मिळतात, म्हणजे अठ्ठ्याहत्तरीपर्यंत. काकांना हे सांगा.

बायका आणि पुरुष वेगळे मांडा. जपानमध्ये २०२३ साली बायकांचं आयुर्मान ८७.१४ आणि पुरुषांचं ८१.०९ होतं, रशियात तर हे अंतर दहा वर्षांच्या आसपास असतं. एकच सरासरी दिली की ते झाकलं जातं. पुरुष लवकर का जातात या प्रश्नामागे दारू, तंबाखू, रस्ते, कामाच्या जागा असं बरंच काही असतं.

दुसरी पायरी: आकडा कुणाच्या घरचा

इथे सगळ्यात जास्त घोळ होतात, म्हणून जरा सावकाश.

जगभरच्या देशांसाठी तीन मोठे स्रोत आहेत. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या विभाग दर एक-दोन वर्षांनी सगळ्या देशांचे अंदाज काढतो. जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर दिसणारं आयुर्मान बहुतांशी तिथूनच येतं, त्यामुळे ही दोन नावं म्हणजे दोन साक्षीदार समजू नका. दुसरी जागतिक आरोग्य संघटना. तिसरा सिअॅटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संस्थेचा 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' हा अभ्यास. क्रिस्टोफर मरे आणि अॅलन लोपेझ यांनी त्याची पायाभरणी केली आणि जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालातून तो पहिल्यांदा गाजला.

भारतापुरता चौथा स्रोत म्हणजे महानिबंधकांची नमुना नोंदणी, सरकारी भाषेत एसआरएस. ठरावीक गावं आणि शहरी विभाग निवडून तिथल्या जन्म-मृत्यूंची सतत नोंद ठेवतात आणि पाच वर्षांची सरासरी घेऊन आयुर्मानाचे तक्ते काढतात.

आता गंमत बघा. एसआरएसप्रमाणे २०१७ ते २१ या काळात भारताचं आयुर्मान ६९.८. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने २०२१ या एका वर्षात ते ६७ च्या आसपास. दोघांपैकी कुणी खोटं बोलत नाही. एकाने कोविडचा खड्डा पाच वर्षांत पसरवला, दुसऱ्याने तो एका वर्षात दाखवला, आणि मोजण्याच्या पद्धतीही वेगळ्या. भारताचा आकडा एसआरएसमधून आणि पोर्तुगालचा संयुक्त राष्ट्रांतून उचलून शेजारी ठेवलात, तर तुम्ही देशांची नाही, पद्धतींची तुलना करताय.

नियम सोपा: दोन्ही आकडे एकाच घरचे, एकाच आवृत्तीतले आणि एकाच वर्षाचे हवेत. आवृत्तीचं मुद्दाम म्हणतो. सिअॅटलवाले प्रत्येक नव्या फेरीत १९९० पासूनची अख्खी मालिका नव्याने काढतात. २०१० चा आकडा जुन्या अहवालातून आणि २०२१ चा नव्यातून घेतला, तर दिसणारी सुधारणा आजाराची नसून गणिताची असू शकते.

कोविडची वर्षं एकटी घेऊन निष्कर्ष काढू नका. आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगाचं आयुर्मान २०१९ मध्ये ७३.१ होतं, २०२१ मध्ये ७१.४ वर आलं. दोन वर्षांत दशकभराची कमाई गेली. अशा वर्षी कुणाचा क्रमांक वर गेला हे साथीबद्दल सांगतं, दवाखान्यांबद्दल फारसं नाही.

तिसरी पायरी: मग गोव्याचं काय?

एसआरएसचे आयुर्मानाचे तक्ते देशासाठी आणि मोठ्या राज्यांसाठी निघतात. गोवा लहान राज्यांत मोडतो, त्यामुळे केरळचा आकडा मिळतो, महाराष्ट्राचा मिळतो, आपला त्या तक्त्यात नसतो. संयुक्त राष्ट्रं देशांचे अंदाज काढतात, राज्यांचे नाही. म्हणजे "गोवेकर सगळ्यात जास्त जगतात" असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न हाच: कुठला तक्ता? बहुतेक वेळा ते कुठल्या तरी गणिती प्रतिमानातून काढलेलं अनुमान असतं. अनुमान वाईट नसतं, पण ते अनुमान आहे असं लिहावं आणि त्याच्या दोन्ही बाजूंची शक्यतेची मर्यादाही द्यावी, म्हणजे खरा आकडा कुठून कुठवर असू शकतो ते.

एसआरएसमधून आपल्याला मिळतो तो अर्भक मृत्यूदर, म्हणजे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण. २०२० च्या पत्रिकेत गोव्याचा दर हजार जन्मांमागे ५, केरळचा ६, देशाचा २८. अमेरिकेत त्याच वर्षी तो साडेपाचच्या आत होता. मग "अमेरिकेच्या तोडीचा" हे खरं? त्या पत्रिकेतल्या तक्त्याखालची टीप वाचा. लहान राज्यांसाठी तो आकडा तीन वर्षं एकत्र करून काढलेला आहे, कारण एका वर्षाच्या नमुन्यात अशा घटनाच मोजक्या सापडतात. नमुना बाजूला ठेवा आणि अख्खा गोवा घ्या. समजा वर्षाला अठरा हजार जन्म झाले आणि दर ५ आहे, तर वर्षाला नव्वद अर्भक-मृत्यू. एवढ्या लहान संख्येत निव्वळ योगायोगाने वीसएकचा चढउतार होतो. म्हणजे काहीही बदललेलं नसताना दर एका वर्षी ४ आणि पुढच्या वर्षी ६ दिसू शकतो. ५ वरून ६ झाला म्हणून आरोग्यमंत्र्यांचा राजीनामा मागणं आणि ५ वरून ४ झाला म्हणून त्यांचा सत्कार करणं, दोन्ही सारखंच पोकळ.

यापेक्षा खोल एक भानगड आहे, ती फक्त इथल्या माणसाच्या लक्षात येते. सीमेपलीकडे महाराष्ट्रात सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळकडे पेशंट हाताबाहेर जायला लागला की घरचे म्हणतात, "बांबोळीला न्या." कारवारकडूनही येतात. १८४२ साली पोर्तुगीजांनी पणजीत सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेची वारस असलेलं बांबोळीचं आपलं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, नुसतं गोव्याचं राहिलेलं नाही. आता जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा म्हणतो की मृत्यू जिथे घडला तिथे नोंदवायचा. दोडामार्गचे आजोबा बांबोळीला वारले की नोंद गोव्यात. पण भागाकारात खाली असते गोव्याची लोकसंख्या, आणि त्यात ते आजोबा नाहीत. वरचा आकडा शेजाऱ्यांनी फुगवलेला, खालचा फक्त आपला. त्यातही खालचा आकडा २०११ च्या १४ लाख ५८ हजारांवरून पुढे ढकललेला अंदाज आहे. परप्रांतातून आलेले कामगार, आखातात आणि इंग्लंडला गेलेले आपले लोक यांचा मेळ नवी जनगणना हाती येईपर्यंत अंदाजानेच घालावा लागतो.

यावर उपाय आहे. मृत्यूच्या नोंदणी अर्जात मृताच्या राहत्या गावाची वेगळी जागा असते. पर्वरीच्या नियोजन, सांख्यिकी व मूल्यमापन संचालनालयाकडे राज्याची नोंदणी गोळा होते. तिथे माहिती मागताना "गोव्यात झालेले मृत्यू" आणि "गोव्यात राहणाऱ्यांचे मृत्यू" असे दोन तक्ते वेगळे मागा. नुसतं "मृत्यूची आकडेवारी द्या" म्हटलंत तर पहिलाच हातात पडेल.

चौथी पायरी: म्हातारी गावं आणि तरुण गावं

भारतात दर हजारी वर्षाला सहाच्या आसपास माणसं मरतात. जपानमध्ये २०२३ मध्ये तेराच्या आसपास मेली. भारत जपानच्या दुप्पट निरोगी? अर्थातच नाही. जपानमध्ये शंभरातले एकोणतीस जण पासष्टीच्या वर आहेत.

कागदावर करून बघा. दोन गावं घ्या. दोन्हीकडे साठीच्या आतल्यांत हजारी २ मृत्यू, साठीपुढच्यांत हजारी ४०. म्हणजे कुठल्याही वयाच्या माणसाला दोन्ही गावांत धोका अगदी सारखा. पहिल्या गावात म्हातारे ८ टक्के, तर गावाचा एकूण दर ५ येतो. दुसऱ्यात म्हातारे ३० टक्के, तर १३.४. धोका तोच, दर अडीचपटीहून जास्त. म्हणून देशादेशांची किंवा राज्याराज्यांची तुलना करताना 'वयानुसार समायोजित' असं लिहिलेला दर शोधा. त्यात सगळ्यांना एकाच ठरावीक वयोरचनेवर आणून मग मोजलेलं असतं. नुसता 'मृत्यूदर' लिहिलेला असेल तर तो तुलनेला घेऊ नका. आपल्या तालुक्यात खाटा किती लागतील हे ठरवायला मात्र तोच हवा, कारण खाटेवर खरे म्हातारे झोपणार, समायोजित नव्हे.

गोव्याला हे विशेष लागू पडतं. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे ८.६ टक्के होते, गोव्यात ११.२, केरळात १२.६. त्यानंतर आपण आणखी म्हातारे झालो, कारण कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्याचा जननदर दर स्त्रीमागे १.३ मुलं एवढाच निघाला.

आता "मधुमेहात गोवा पहिला" हे वाक्य घ्या. आकडा खरा आहे. मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) यांचा देशव्यापी अभ्यास जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोव्यात २६.४ टक्के, पुदुच्चेरीत २६.३, केरळात २५.५, देशात ११.४ आणि उत्तर प्रदेशात ४.८. पण हे वीस वर्षांवरच्या प्रौढांचे टक्के आहेत, "दर चौथा गोवेकर" म्हणताना शाळकरी पोरं त्यात धरू नका. हा अभ्यास २००८ ते २०२० असा टप्प्याटप्प्याने झाला, म्हणजे सगळी राज्यं एकाच वर्षी मोजलेली नाहीत. यात ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासलं. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटाला टोचून त्या क्षणाची साखर बघतात. दोन्हींचे टक्के एका आलेखात चिकटवले की आलेख निकामी.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. किती जणांना आजार आहे, हे नवे रुग्ण किती होतात आणि जुने किती वर्षं जगतात या दोन्हींवर ठरतं. औषधपाणी नीट मिळून मधुमेही माणूस वीस वर्षं जास्त जगला, तर टक्केवारी वाढते. म्हणून हा आकडा एकटा वाचू नका, त्याच्या शेजारी मधुमेहाने होणारे मृत्यू ठेवा. पण सगळं वयाच्या आणि दीर्घायुष्याच्या माथी मारूनही मोकळं होता येणार नाही. साठीपुढचे देशाच्या तुलनेत अडीच टक्क्यांनी जास्त आणि मधुमेह दुपटीहून जास्त, हे गणित वयाने सुटत नाही.

पाचवी पायरी: आजारांचा बोजा

मृत्यू मोजले की सगळं मोजलं असं नाही. पाठदुखी, नैराश्य, मोतीबिंदू माणूस मारत नाहीत, पण वर्षंच्या वर्षं खातात. त्यासाठी 'डॅली' हे माप निघालं. अकाली मृत्यूने गमावलेली वर्षं अधिक आजारपणात काढलेली वर्षं, प्रत्येक आजाराला तीव्रतेप्रमाणे वजन देऊन. एक डॅली म्हणजे निरोगी आयुष्याचं एक वर्ष गेलं.

माप उपयोगी आहे, पण त्याच्या पोटात माणसांनी घेतलेले निर्णय आहेत. 'अकाली' म्हणजे कुठल्या आदर्श वयाच्या आधी? सिअॅटलच्या तक्त्यात जन्माच्या वेळी ते ८९ च्या आसपास धरतात, आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ९२ च्या आसपास. साहजिकच त्याच मृत्यूचे डॅली दोन ठिकाणी वेगळे. २०१० पूर्वीच्या हिशेबात तरुण वयाच्या वर्षाला जास्त किंमत दिली जायची आणि पुढे येणारी वर्षं आजच्यापेक्षा कमी मोलाची धरली जायची. ते नंतर काढून टाकलं. जुन्या अहवालातले डॅली नव्यांशी जोडू नका, एवढं लक्षात ठेवलं तरी बऱ्याच चुका टळतील.

राज्यांसाठी आयसीएमआर आणि सहकारी संस्थांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये मोठा अहवाल काढला, १९९० ते २०१६ चा. देशात असंसर्गजन्य आजारांचे मृत्यू या काळात ३७.९ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर गेले. संसर्ग, माता-बाल आणि कुपोषणाचा बोजा भागिले बाकीचा बोजा, असं एक गुणोत्तर काढून राज्यांचे गट पाडले. बिहार ०.७४, केरळ ०.१६. गोवा केरळ, तामिळनाडू, पंजाब, हिमाचल यांच्याबरोबर शेवटच्या गटात, म्हणजे हृदयविकार, पक्षाघात, मधुमेहाच्या गटात. हे गुणोत्तर कमी म्हणजे आरोग्य चांगलं, असं मात्र नाही. जुलाब आणि क्षय मागे हटले एवढंच ते सांगतं.

हे सगळं उभं असतं मृत्यूच्या कारणांवर, आणि कारण लिहितो एक दमलेला डॉक्टर. दवाखान्यातल्या मृत्यूसाठी 'नमुना ४' नावाचा अर्ज भरतात. पहिल्या भागात वरून खाली ओळी: तात्काळ कारण, त्यामागचं कारण, त्याच्याही मागचं. नीट भरलेला अर्ज असा दिसेल: रक्तात जंतुदोष, त्याच्याखाली पायाची गँगरीन, त्याच्याखाली मधुमेह पंधरा वर्षं. आकडेवारीत मोजतात ती सगळ्यात खालची, मूळ ओळ. पण पहाटे तीनला वरच्या ओळीत नुसतं 'हृदय बंद पडले' लिहून खालच्या ओळी कोऱ्या सोडल्या, तर मधुमेह गायब आणि एक हृदयविकार जास्त. हृदय सगळ्यांचंच बंद पडतं, ते कारण नव्हे.

गोव्याची इथे एक जमेची बाजू आहे. २०२० च्या केंद्रीय अहवालात देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांनाच डॉक्टरने लिहिलेलं कारण जोडलेलं होतं, गोव्यात १०० टक्के. इतर राज्यांतली कारणं बऱ्याच अंशी घरच्यांना विचारून ठरवलेली असतात. म्हणून गोव्यात एखादा आजार जास्त दिसला की तो खरंच जास्त आहे, का आपण जास्त नीट लिहितो, हा प्रश्न विचाराच.

सहावी पायरी: जोडीदार कोण निवडायचा

पोर्तुगालशी तुलना इथे हटकून होते. इतिहास म्हणून ठीक. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजात २०२३ साली पोर्तुगाल ८२ च्या पुढे आणि भारत ७२, पण गोव्यासाठी त्यातून काहीच निघत नाही.

माझं मत विचाराल तर मॉरिशस घ्या. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, समुद्र, पर्यटन, भारतीय वंशाचे लोक बहुसंख्य, त्यात मराठी बोलणाऱ्यांचे वंशजही. आयुर्मान ७५ च्या जवळ आणि मधुमेह भरपूर. तिथे १९८७ पासून असंसर्गजन्य आजारांची पाहणी पुन्हा पुन्हा झाली आहे. त्या सुमारास सरकारने रेशनवरचं तेल पामचं बदलून सोयाबीनचं केलं, आणि पाच वर्षांत लोकांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल सरासरीने खाली आलं. मधुमेह मात्र तेवढ्याने हटला नाही. क्रमवारीतून हे कळलं नसतं, एकाच बेटाकडे वर्षानुवर्षं बघितल्यावर कळलं.

क्रमवारी किती थोडं सांगते त्याचं दुसरं टोक म्हणजे अमेरिका. आरोग्यावर दरडोई सगळ्यात जास्त खर्च करणारा देश, आणि २०२३ मध्ये आयुर्मान ७८.४. वयाप्रमाणे फोड केली की दिसतं, मोठा वाटा तरुण आणि मधल्या वयातल्या मृत्यूंचा: अमली पदार्थांचा अतिरेक, बंदुका, रस्ते. २०२२ मध्ये निव्वळ अमली पदार्थांच्या अतिरेकाने एक लाखाहून जास्त माणसं गेली. आपल्याकडे अशी फोड करायची तर आधी रस्त्यावर मेलेली विशी-तिशीतली पोरं वेगळी काढा, आणि चाळीस ते साठमधल्या पुरुषांचे हृदयविकार वेगळे.

सातवी पायरी: वही उघडा

एक्सेल असो वा शाळेची वही, रकाने हे ठेवा: ठिकाण, वर्ष, आकडा, बायका की पुरुष, स्रोत, आवृत्ती, वयानुसार समायोजित की नाही, शक्यतेची खालची आणि वरची मर्यादा. आणि शेवटी रुंद रकाना, 'कोण मोजलं गेलं नाही' असा. पहिल्या खेपेला फक्त दोन ठिकाणं आणि एकच आजार घ्या. दोन्हींच्या मर्यादा एकमेकांवर चढत असतील, तर "फरक दिसत नाही" असं लिहा आणि पुढच्या आजाराकडे वळा. संपादक कुरकुरेल, त्याला मथळा हवा असतो. त्याला वहीतला शेवटचा रकाना वाचून दाखवा. दोडामार्गच्या आजोबांची बातमी बहुधा त्याच्याकडे आधी आलेली नसते.